गोड बोलण्याचे आठ दिवस

मी तापट माणूस आहे, हे आधीच सांगून टाकतो. आमटीत मीठ चुकलं की पनवेलच्या आमच्या बिल्डिंगमध्ये माझा आवाज खालच्या मजल्यापर्यंत जातो. बायको म्हणते, "आज आपल्याकडे काय बिघडलंय ते वॉचमनलाही कळतं." अशा माणसाने बायकोच्या साठाव्या वाढदिवसाला सरप्राइज द्यायचं ठरवलं, तिथंच सगळी गडबड झाली.

लांब कुठे जायचं नव्हतं. पेणला तिच्या माहेरी जाताना आपटा स्टेशन आलं की ती दर वेळी म्हणायची, "एकदा इथं उतरू हो, नदीवर बसू." मी म्हणायचो, "नदीत काय बघायचंय?" असं पस्तीस वर्षं चाललं. घरापासून तासाभराचीही वाट नाही. म्हटलं, यंदा न्यायचंच.

खारघरला राहणाऱ्या मुलीला कटात घेतलं. गाडी, डबे, सतरंजी सगळं तिच्याकडे. तिने रजाही टाकली. फोनवर बोलायचं ते गॅलरीत, दार ओढून घेऊन. बायको आली की मी "हो हो, ठेवतो" करून फोन बंद. आणि चिडलो की माझ्या तोंडून सगळं बाहेर पडतं, म्हणून आठ दिवस मी जिभेला आवर घातला. खारट भाजी गुमान खाल्ली. एकदा तर गजरा आणला. ती त्या गजऱ्याकडे बराच वेळ बघत राहिली. मला वाटलं, खूश झाली.

वाढदिवसाच्या सकाळी मुलीने औक्षण केलं आणि म्हणाली, "चल आई, गाडीत बस. कुठं ते विचारायचं नाही." बायकोने खरंच काही विचारलं नाही. फक्त निघण्याआधी मुलीला कपाटापाशी नेलं आणि दागिने कुठल्या डब्यात, माझ्या बीपीच्या गोळ्या कुठल्या खणात, ते दाखवत बसली. एरवी उशीर होतो म्हणून मी ओरडलो असतो. पण दिवस तिचा होता.

पाताळगंगेच्या काठी झाडाखाली सतरंजी टाकली. मुलगी डबे आणायला गाडीकडे गेली. बायको पाण्याकडे बघत अगदी शांतपणे म्हणाली, "डॉक्टरांनी किती दिवस सांगितलेत हो?"

"कसले दिवस?"

"माझे."

महिन्यापूर्वी तिच्या छातीतली गाठ तपासली होती. रिपोर्ट ऐकायला मी एकटाच आत गेलो होतो, ती बाहेर बाकावर बसून होती. गाठ साधी निघाली आणि बाहेर येऊन मी तेच सांगितलं होतं.

"अगं, सगळं नॉर्मल आहे! तेव्हाच सांगितलं ना?"

"आईंनाही तुम्ही असंच सांगितलं होतं. पित्त आहे म्हणून."

दहा वर्षांपूर्वी माझ्या आईला कॅन्सर निघाला, तेव्हा तिला कळू द्यायचं नाही असं मीच घरात सगळ्यांना बजावलं होतं. आमच्याकडे तशीच रीत, पेशंटसमोर आजाराचं नाव काढायचं नाही. सगळे तिच्याशी गोड बोलायचो. समुद्र बघायचाय म्हणाली, तर गाडी करून उरणला नेलं. नंतर दीड महिन्यात ती गेली. आणि आता माझी बायको आठ दिवस माझा गोडवा बघत होती, लेकीची रजा बघत होती, आणि मनातल्या मनात निरवानिरव करत होती. एकटी.

मी तिच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली. ती नुसती मान हलवून म्हणाली, "असू दे हो. मी नाही घाबरत."

मग मात्र माझं डोकं फिरलं. "अक्कल गहाण टाकलीस का? आठ दिवस ती भाजी गिळली मी! भाजी कसली, मिठागर होतं ते! आणि ही बया मरायला निघालीय! कोणाला विचारून?" पलीकडे कपडे धुणाऱ्या बायका हातातलं काम थांबवून बघायला लागल्या.

बायको माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मग हसायला लागली आणि हसता हसता रडायला लागली. "आता पटलं," ती म्हणाली. "मरणाऱ्या बाईवर तुम्ही असं ओरडला नसतात." मी तिला जवळ घेतलं, त्या सगळ्या बायकांच्या देखत. आयुष्यात पहिल्यांदाच असेल.

मुलगी डबे घेऊन आली तर आम्ही दोघंही डोळे पुसत होतो. "काय झालं?" तिने घाबरून विचारलं. "काही नाही गं," बायको म्हणाली, "वाढ आधी, भूक लागलीय." आणि तिने चांगल्या सहा पुऱ्या खाल्ल्या.

जेवण झाल्यावर मुलगी पाण्यात पाय सोडून बसली. मी बायकोला विचारलं, "आठ दिवस एवढं मनात ठेवलंस. मला विचारायचंस तरी!"

"तुम्ही इतक्या कष्टाने लपवत होतात. म्हटलं, लपवू द्यावं. आईंनीही तेच केलं होतं."

"आईने?"

"त्यांना पहिल्यापासून ठाऊक होतं. उरणहून आलो त्या संध्याकाळी मला म्हणाल्या, मला कळलंय हे त्याला सांगू नकोस. त्याचा धीर सुटेल."

दहा वर्षं मी समजत होतो की शेवटच्या दिवसांत आईला मी सांभाळलं. त्या काठावर मी लहान पोरासारखा रडलो आणि बायको माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिली.