मुबारकचा पाटील

बसा. चहा घेत ऐका, कारण हे दुसऱ्यांदा सांगायला मला जमणार नाही. पहिल्यांदाही अजून जमलेलं नाही — बायकोपाशी नाही, मुलापाशी नाही, आणि ज्याला सांगायला हवं होतं त्याच्यापाशी तर नाहीच.

मला तुम्ही ओळखता. नावानं नाही, तोंडानं. मालिकेतला गावचा पाटील, नाहीतर हिरोचा मामा — फेटा बदलतो, मिशी तीच. कराडच्या स्टँडवर बायका अडवतात, ‘आवं, सुनंला एवढं छळू नका की!’ मी हसतो. मिरवतो म्हणा ना, खोटं कशाला बोलू? कुणी विचारतं, ही अस्सल बोली आणलीत कुठून? मी ऐटीत सांगतो — मातीतून. माती कसली, डोंबल! मुबारककडून.

मुबारक माझा लहानपणापासूनचा दोस्त. मलकापुरात त्याचं गाद्यांचं दुकान आहे. यात्रेला आम्ही गावात नाटक करायचो, त्यात पाटील कायम तो. ‘कोन हाय रं तिकडं?’ एवढं त्यानं म्हटलं की मागं दंगा करणारी माणसं चिडीचूप. मी आपला त्याचा गडी, फार तर तलाठी. माझे वडील मास्तर. घरात ‘नाही’ला ‘न्हाई’ म्हटलं की पाठीत धपाटा बसायचा. गावचं बोलणं मी शिकलो ते त्याच्या दुकानात, कापसाच्या ढिगावर बसून.

एका वर्षी मालिकावाल्यांची एक बाई नाटक बघायला आली. मुंबईची, हुशार, पण आपल्या बोलीतलं तिला काही कळत नव्हतं. दुसऱ्या दिवशी ती माझ्याकडे आली आणि म्हणाली, ‘पाटील केलेले गृहस्थ कुठे भेटतील? आम्हाला तेच हवेत.’

बघा — पत्ता तेवढा सांगायचा होता. दोन मिनिटांचं काम. मी काय सांगितलं? सांगतो, सांगतो. जरा दम खाऊ द्या.

मी म्हणालो, ‘माणूस चांगला आहे हो, पण मुसलमान आहे. घरी हिंदी चालते. नाटकात पाठ करून खपून जातं, रोजच्या कामात हिंदी डोकावणार.’ बाईनं मान हलवली. मग मी घसा खाकरला आणि मुबारकचंच एक वाक्य, त्याच्याच सुरात, तिला म्हणून दाखवलं. काम मला मिळालं.

मला कुणी भरीला घातलं नव्हतं. मनात त्याच्या धर्माची अढी होती म्हणावं, तर तीही नाही. ईदला मी त्याच्याच घरी जेवतो. काय बोललं की बाई मागं फिरेल, हे मला ठाऊक होतं. म्हणून बोललो.

मुबारकला एवढंच कळलं, की बापूला, म्हणजे मला, सिरियल मिळाली. गड्यानं दुकानात पेढे वाटले! वर म्हणाला, ‘तुझं मास्तराच्या घरातलं बोलनं तितं कसं चालंल रं? मला फोन कर.’ मी केला. इतकी वर्षं करतोय. लेखकाचं वाक्य मी वाचतो, तो ते गावच्या तोंडचं करून देतो, आणि शाबासकी मला मिळते. नाटक त्यानं सोडलं. ‘पाटील तू झालास, आता मी काय करू?’ असं हसत म्हणाला होता. हसत म्हणाला, म्हणून मीही हसलो.

गेल्या वर्षी मला ते फारच टोचायला लागलं. दिग्दर्शकाला गळ घातली आणि मुबारकला एका दिवसाचं काम मिळवून दिलं — बाजारातला गादीवाला. साताऱ्याजवळ चित्रीकरण होतं. कडक इस्त्रीचा सदरा घालून तो सगळ्यांच्या आधी हजर. तालमीत पहिलंच वाक्य असं बोलला, की लाइटवालेसुद्धा वळून बघायला लागले. माझ्या अंगावर काटा आला. तेवढ्यात दिग्दर्शकाचा सहायक आला. ‘चाचा, तुमचं नाव यात अब्दुल आहे ना? मग जरा हिंदी मिसळा. असं लोकांना पटायचं नाही.’

मुबारकनं त्याच्याकडे पाहिलं नाही. माझ्याकडे पाहिलं.

‘व्हय रं बापू? आमी असं बोलतो?’

मी फेटा बांधून खुर्चीवर बसलेलो. त्या सेटवर माझा शब्द चालतो, कुणी मोडला नसता. नुसतं ‘न्हाई’ म्हणायचं होतं. पण मग सहायकानं विचारलं असतं, का नाही? आणि ते सांगता सांगता मी कुठवर गेलो असतो?

‘बोल की,’ मी म्हणालो. ‘बरं वाटंल.’

तो बोलला. ‘अरे साब, गादी एकदम नरम है, लेके जाव!’ सगळे खदखदून हसले. दिग्दर्शक खूश झाला.

परतताना तो माझ्याच गाडीत होता. मलकापूरला उतरला, दार लावलं, पुन्हा खिडकीशी वाकला. ‘उद्या तुझा पंचायतीचा सीन हाय न्हवं? सकाळी फोन कर.’

मी केला. त्यानं एकेक वाक्य नीट करून दिलं. तो सीन तुम्ही पाहिला असेल. लोकांना लय आवडला.