रुमालाखालचा हात

मला दोन डॉक्टरांनी फसवलं. एकाने उदासीवरची गोळी कमी करत आणली, दुसऱ्याने थायरॉईडची वाढवली, आणि दोघांनी एकमेकांना विचारलंसुद्धा नाही.

आमच्या बैलबाजारात रुमालाखाली बोटं धरून भाव ठरतो. समोरच्याची बोटं थरथरली की तो अडलेला आहे, हे ओळखूनच मी वर आलो. आज माझीच बोटं थरथरली. तात्या दलालाने भाव न ताणता माझा हात सोडला. म्हणाला, "आप्पा, घरी जावा. बैल काय पळून जात न्हाईत."

त्याने लुबाडलं असतं तर बरं वाटलं असतं.

आता रडू येतं ते जुन्या उदासीचं, सुटत्या गोळीचं की थायरॉईडचं, मला कळत नाही. त्या दोन डॉक्टरांनी माझ्यासमोर बसावं आणि सांगावं, यात मी कुठे उरलोय?