आंबेहळदीची वाटी

मुलीचा पाय मुरगळला म्हणून काल आंबेहळद उगाळली. तो कैरीसारखा उग्र वास आला आणि मी थेट बिबवेवाडीतल्या आमच्या दोन खोल्यांत जाऊन पोचले.

मी सहावीत होते. कराटेचा क्लास आईनेच हट्टाने लावला होता. समोरची लाथ नुकतीच शिकवली होती: आधी गुडघा छातीपर्यंत, मग पाय सरळ, बोटं मागे ओढलेली. घरी सरावाला आई पोटाशी उशी धरून उभी राहायची. माझा पाय दुखेल म्हणून वाटीभर आंबेहळद आधीच उगाळून ठेवायची. "एवढी कशाला गं?" असं विचारलं, तर म्हणायची, "असू दे. लागते."

त्या रविवारी मी ओरडून लाथ मारली. ती उशी सोडून बरगडीवर बसली. आई मटकन फरशीवर बसली, चेहरा पांढराफटक. मी घाबरले, तर म्हणाली, "छान मारलीस. पण पाय लगेच मागे घे. कुणी धरला तर पडशील."

पेपर वाचणारे बाबा हसले. "वा! पोरीनं आईला लोळवलं."

ही फुशारकी मी क्लासमध्ये आठवडाभर मारली.

काल लेप लावून झाल्यावरही वाटीत बराच उरला. माझ्या पायाला तेव्हा कधी काही झालंच नव्हतं, आणि आईची वाटी मात्र रोज रिकामी व्हायची. सहावीतल्या मुलीच्या लाथेनं कुणी असं कोसळत नाही. त्या बरगडीवर माझ्याआधी कुणीतरी मारलं होतं, आणि तो माणूस समोर बसून हसत होता.