न विचारता काढलेला फोटो

उर्मिलामावशी कुणाच्याही घरी आल्या की चपला दाराशी काढत, कॅमेरा मात्र जेवायला बसल्या तरी गळ्यातच. वरणात बुडू नये म्हणून एका हाताने तो सावरत जेवायच्या. लोकांना याचं कोण कौतुक! मला त्या कधीच आवडल्या नाहीत, आणि आता त्या गेल्या म्हणून मी खोटं लिहिणार नाही.

तरुणपणी पुण्याहून अमेरिकेत आलेल्या या बाईंनी आयुष्यभर इथल्या आपल्या माणसांचे फोटो काढले. मोटेलमध्ये चादरी बदलणाऱ्या बायका, शिकागोच्या डेव्हन ॲव्हेन्यूवर ब्लाउज शिवणारे शिंपी, विमानतळावर नातवंडांना सोडून निघालेले आजी-आजोबा. पुस्तकं निघाली, बक्षिसं मिळाली. काम चांगलं होतं, हे मी दातओठ खात कबूल करते. पद्धत मात्र मांजरीची. स्वयंपाकघरात शिरायचं, पोळ्या लाटू लागायचं आणि समोरची बेसावध झाली की टिपायचं. विचारत का नाही, असं कुणी म्हटलं की उत्तर ठरलेलं: "परवानगी मागितली की माणूस भांग पाडून येतो."

आम्ही मिशिगनमध्ये नोव्हायला राहायचो तेव्हा त्या आमच्या शेजारणीकडे उतरल्या होत्या. त्याच आठवड्यात नागपूरला माझे बाबा गेले. आमच्या व्हिसाचं भिजत घोंगडं पडलेलं. गेले असते तर परत येता येईल याची खात्री नव्हती, आणि मुलगी लहान. मी गेले नाही. नागपुरात संध्याकाळ होत होती, इथे सकाळ. अंघोळ करून ओल्या केसांनी लॅपटॉपसमोर बसले. घाटावर दादाने अग्नी दिला आणि नेमकं चित्र गोठलं. मी स्क्रीनला हात लावून "बाबा, बाबा" करत राहिले. शेजारीण चहाचा थर्मास घेऊन आली होती. तिच्यामागे मावशी होत्या, हे माझ्या लक्षातही आलं नाही.

त्यानंतर आई फोनवर माझ्याशी कामापुरतंच बोलू लागली.

काही महिन्यांनी शेजारणीच्या आग्रहाने मी मावशींच्या शिकागोतल्या प्रदर्शनाला गेले. समोर दाराएवढा फोटो. ओले केस, स्क्रीनवर पंजा, रडून वेडंवाकडं झालेलं तोंड. माझं.

"मावशी, हा रिमूव्ह करा. आत्ताच्या आत्ता."

"अगं, इथे येणारी प्रत्येक बाई याच्यासमोर थांबून डोळे पुसतेय. हा आता तुझ्या एकटीचा राहिला नाही."

"माझा बाप होता तो! तुमचं एक्झिबिट नाही."

त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला, मी तो झटकला. फोटो तिथेच राहिला. पुढे तर पुस्तकाच्या मुखपृष्ठावर गेला.

यंदाच्या हिवाळ्यात मावशी वारल्या. आमच्या ग्रुपवर श्रद्धांजलीचे मेसेज थांबेनात. मी एक अक्षर लिहिलं नाही.

एकदाचा व्हिसाचा प्रश्न सुटला आणि मी नागपूरला गेले. बाबांच्या हार घातलेल्या फोटोशेजारी, चांगल्या चौकटीत, तोच फोटो!

"आई, हा इथे कसा आला?"

"दादानं मोबाइलवर दाखवला होता. मग मीच त्या बाईंना फोन केला. लगेच पाठवला त्यांनी."

"काढ तो. मला बघवत नाही."

"नाही काढणार. तुझी आत्या नात्यात सांगत सुटली होती, बाप गेला तरी पोरगी आली नाही, तिला काय पडलंय. आता घरी येईल त्याला मी याच्यासमोर उभं करते." आई पदराने काच पुसू लागली. "आणि खरं सांगू? मलाही तसंच वाटलं होतं गं."

मावशींना मी माफ केलेलं नाही, करणारही नाही. पण आईच्या घरात त्यांना नावं ठेवायची सोयही बाईंनी ठेवली नाही.