गॅलरीतली हिरवी स्क्रीन

दिघीची मधुवंती चाकणच्या एका कारखान्यात डिझायनर होती. यंत्रांच्या स्क्रीनवर काय दिसावं, कुठं आणि केवढं दिसावं, ते ती ठरवायची. पेंट शॉपसाठी, म्हणजे रंगकामाच्या विभागासाठी, तिनं एकाच माहितीची तीन रूपं केली होती. रंग फवारायच्या बूथमधल्या कामगारांना हातमोज्यांनी दाबता येतील अशी मोठी बटणं, सुपरवायझरच्या मोबाइलवर मोजका मजकूर, आणि वरच्या गॅलरीत लांबून वाचता येईल अशी भिंतभर स्क्रीन. ऊन आत आलं की अक्षरं आपोआप ठळक व्हायची. विषारी वाफ वाढली की मात्र तिन्ही स्क्रीन लाल.

प्लांट हेड सुरेंद्रला हे खटकलं. "मॅडम, गॅलरीत कस्टमर उभे असतात. तिथं लाल कशाला? खाली दिसतंय ना, बास. बघणारा बदलला की स्क्रीन बदलावी, हे तुम्हीच शिकवलंत आम्हाला."

तिला शिसारी आली. "अक्षरांचा आकार बदलतो, सर. हवा तीच असते. मी हे करणार नाही."

शेजारच्या टेबलावरच्या अवधूतनं गॅलरीतली स्क्रीन कायम हिरवी ठेवायचं काम जेवणाच्या सुट्टीआधी उरकलं.

पुढच्याच महिन्यात कस्टमर आले असताना बूथचा एक्झॉस्ट पंखा बंद पडला. खालची स्क्रीन लाल झाली. ज्योतीराम नावाचा कामगार खोकत बाहेर आला आणि खांबाला धरून भडाभडा ओकला. वर स्क्रीन हिरवीगार. पाहुणे स्क्रीनच्या रंगांची तारीफ करत होते.

"ही स्क्रीन खोटं सांगतेय," मधुवंती पुढं होऊन म्हणाली. "खाली बघा."

त्यांनी पाहिलं. एकानं नाकाला रुमाल लावला.

"ट्रायल चालू आहे," सुरेंद्र हसत म्हणाला. "चला, जेवण गार होतंय."

आणि ती माणसं खरंच जेवायला गेली.

मधुवंतीनं धावत खाली जाऊन लाइन थांबवायला लावली, ज्योतीरामला मोकळ्या हवेत बसवलं.

"वर काय दिसत होतं, मॅडम?"

तिनं सांगितलं. तो बाजूला थुंकला.

तिनं राजीनामा दिला आणि त्या दिवशी मोबाइलवर काढलेले दोन्ही स्क्रीनचे फोटो जोडून सरकारी कचेरीत तक्रार केली. तपासणी झाली. पंखा नवा बसला, गॅलरीतली स्क्रीनही पुन्हा लाल होऊ लागली. ते सांगायला ज्योतीरामचा फोन आला तेव्हा ती जेवत होती.

"पण आता पाहुण्यांना गॅलरीत आणतच न्हाईत," तो म्हणाला. "एसी केबिनमध्ये बसवून व्हिडिओ दाखवतात."

तिनं ताट बाजूला सारलं.