आधी पाणी, मग जाळ

बाला, म्हणजे माझ्या वडिलांना, घेऊन मी आसगाव सोडलं तेव्हा सत्तरचं दशक संपत आलं होतं. धानाची मळणी आटोपली होती आणि खळ्यांवर तणसाचे, म्हणजे धानाच्या पेंढ्याचे, ढीग उभे होते. आई जाऊन वर्ष झालं होतं. एवढं वर्ष बा एकटाच रांधून खात होता. निघताना त्याने दाराला कुलूप घातलं, चार पावलं चालला, मग परत जाऊन कुलूप उघडलं आणि चुलीतल्या राखेवर हात ठेवून ती थंड आहे की नाही ते पाहिलं. एस.टी.च्या फाट्यावर जमलेल्यांपैकी कुणीतरी म्हणालं, "बुढा काही टिकत नाही तिकडं. पंधरा दिवसांत वापस येते, पाहा."

बाने ते ऐकलं. गाडी पवनीच्या रस्त्याला लागल्यावर तो मला म्हणाला, "जमलं तर राहीन, बाबू. नाही जमलं तर मले आणून सोडजो. जबरदस्ती नोको करू."

तुमच्यापैकी जे गावात राहिलात त्यांना हे वाचताना बाचा चेहरा दिसेल. जे माझ्यासारखे निघून गेलात त्यांना बहुधा आपल्या वडिलांचा दिसेल. मी आमच्या घराण्यातला पहिला बी.एस्सी. पवनीला शिकायला होतो तेव्हा हा माणूस दर रविवारी डोक्यावर तांदळाचं पोतं घेऊन पायी यायचा, माझ्या खोलीच्या उंबऱ्यावर बसून पाणी प्यायचा आणि तसाच परत फिरायचा. पुढे मी भंडाऱ्याच्या एका हायस्कुलात विज्ञानाचा शिक्षक झालो. त्याने माझ्याजवळ राहावं, आणि नाइलाज म्हणून नव्हे तर मन लागून राहावं, एवढीच माझी इच्छा होती.

भंडाऱ्यात आमच्या दोन भाड्याच्या खोल्या आणि मागे अंगण. बा सवयीने चार वाजता उठायचा आणि उजाडेपर्यंत नुसता बसून राहायचा. इथे ना बैल, ना धानाची बांधी, म्हणजे शेताचा तुकडा. माझी बायको शांता त्याला कशालाच हात लावू देत नसे. "मामाजी, तुम्ही बसा," म्हणायची. तिच्या मनात आदर होता. पण एक दिवस बा वैतागून म्हणाला, "बसून बसून माहे गुडघे धरून रायले, बाई. काही तर करू दे."

अंगणात आमचा तांब्याचा बंब होता. शांताचं बाळंतपण झालं, मुलगी दोन महिन्यांची, तेव्हा दोघींच्या आंघोळीसाठी मी तो घेतला होता. उभा, पोटाशी गोल, मधून आरपार गेलेली नळी. खाली जाळीवर लाकडं पेटवायची, जाळ नळीतून वर जातो आणि भोवतीचं पाणी तापतं. भंडाऱ्याला आल्याआल्याच बाने तो हाताने चाचपून पाहिला होता. शेवटी त्याने आपणहून सांगितलं, "उद्यापासून हे काम माहं." शांता हो म्हणाली. मलाही बरं वाटलं.

दुसऱ्या सकाळी बाने गावच्या रीतीने सुरुवात केली. आमच्याकडे हिवाळ्यात आधी चूल पेटवतात. लाकडं दवाने ओलसर असतात, धरायला वेळ लागतो. तेवढ्यात बायका विहिरीवरून पाणी आणतात आणि मग पाण्याचा गंज, म्हणजे मोठं पातेलं, चढतो. बाने तसंच केलं. रिकाम्या बंबात चांगला धडधडून जाळ घातला आणि बादली घेऊन नळावर गेला. नळाला रांग होती. परत येऊन त्याने पाणी ओतलं, तर ते सगळं नळीच्या बुडातून सरळ विस्तवावर आलं. वाफ, राख, काळं पाणी अंगणभर. आत मुलगी रडायला लागली.

नळीच्या जोडाला कथलाचा डाग दिलेला असतो. कथील तांब्याच्या कितीतरी आधी वितळतं. आत पाणी असलं तर ते उष्णता ओढून घेतं, म्हणून डाग टिकतो. हे मी आठवीच्या वर्गात वितळणबिंदू शिकवताना फळ्यावर आकृती काढून सांगत असे. बाला सांगायचं मला सुचलं नव्हतं. आणि त्या सकाळी मी त्याच्यावरच ओरडलो, "बा, एवढं साधं कळत नाही का तुला?"

बाने खराटा उचलला. राख भरली, अंगण धुतलं, खोलीत गेला. मी शाळेत जायला तयार झालो तेव्हा त्याचं गाठोडं बांधून झालं होतं.

"दुपारच्या गाडीत बसवून दे."

माफी मागायला माझी जीभ उचलेना. एवढी पुस्तकं वाचून ते दोन शब्द मला येत नव्हते. मी म्हणालो, "बंब एकट्याने उचलत नाही. तांबटाकडे न्यायला हात लाव, मग जा." शाळेत अर्ध्या दिवसाची रजा कळवली. बांबूला दोरीने बंब टांगून, पुढे बा आणि मागे मी, असे आम्ही भर बाजारातून निघालो. माझे विद्यार्थी "नमस्कार सर" म्हणत होते आणि माझ्या सदऱ्यावरून काजळी ओघळत होती.

तांबट म्हातारा होता. बंब उलटा करून त्याने एकदा आमच्याकडे पाहिलं.

"कोरडाच पेटवला ना? कोणं केलं हे?"

"म्या केलं," बा म्हणाला. "आमच्याकडं आधी जाळ, मग पाणी."

"बुवा, हा बंब होय, चुलीवरचा गंज नोहे. नवरी पाहाच्या आधी वरात काढता काय तुमच्या गावात?"

"माही तर तशीच निघाली होती. नवरी मांडवातच पाहली. काही बिघडलं नाही."

तांबट हसला तो खोकला येईपर्यंत. आई गेल्यापासून बाने तिचा विषय काढल्याचं मी पहिल्यांदाच ऐकत होतो.

मग तांबटाने बाला जवळ बसवून घेतलं. जोड घासून स्वच्छ केला, नवसागर लावला, कथील धरलं. ते चांदीसारखं पळत फटीत शिरलं. बा विचारत गेला आणि तांबट सांगत गेला: तोटी गळली तर काय, आतून कल्हई कधी, राखेचा खण रोज का उपसायचा. "आधी पाणी, मग जाळ, एवढं सांभाळलं तर तुमचा नातजावई याच बंबाच्या पाण्यानं आंघोळ करते," तो म्हणाला.

परतताना मागून बाच्या पाठीकडे पाहत मी कसंबसं बोललो, "बा, चूक माझी होती. मी सांगितलंच नव्हतं."

तो न थांबता म्हणाला, "तू मास्तर आहेस. मलेही पोट्ट्यासारखं सांगाचं ना. म्या काही पाटी फोडली नसती."

घरी आल्यावर त्याने गाठोड्याकडे पाहिलंही नाही. "डाग धरते का नाही ते दोन दिवस पाहतो, मग जातो," म्हणाला. दोन दिवसांचे पंधरा झाले.

थंडी वाढली आणि बंब धुरायला लागला. पाणी तापेना, अंगणात डोळे उघडवेनात. घरमालकीणबाई म्हणाल्या, हे धूड काढा आणि विजेचा रॉड आणा. मी तांबटाकडे निघालो, तर बाने हात धरला. त्याने थंड बंब आडवा केला, खालून नळीत डोळा लावला आणि म्हणाला, "ये, पाह्य. पल्याडचं दिसते काय?" काही दिसत नव्हतं. ओल्या पळसाच्या लाकडाने आत चिकट काजळीचा थर बसला होता. बाने गुरांच्या बाजारातून मूठभर तणस आणलं, त्याची घट्ट पेंडी वळून दोरीला मधोमध बांधली आणि एका टोकाला मला उभं करून, दुसऱ्या टोकाला स्वतः उभं राहून ती नळीतून मागेपुढे ओढली. पाच-सात फेऱ्यांत पलीकडच्या भिंतीवरचं ऊन दिसलं. त्यानंतर त्याने लाकूड बदललं. वाळलेली बाभूळ, बारीक फोडून, एका वेळी दोनच ढलप्या.

त्या हिवाळ्यात आमच्या ओळीतल्या चार घरांचे बंब बाने साफ केले. बायका "आजोबा, आमचा पण पाहून द्या ना" म्हणत यायच्या आणि बा आधी प्रत्येकीला रागावायचा, "पाणी आधी टाकता ना? खरं सांगा." मुलगी रांगायला लागली तेव्हा त्याने बंबाभोवती विटांचं कुंपण रचलं.

आज तीच मुलगी शाळेत जाते. स्वयंपाक गॅसवर होतो, माझ्या बोलण्यात "टाइमटेबल" आणि "इन्क्रिमेंट" येतं, आणि आसगावला गेलो की लोक मला खुर्ची देतात, जमिनीवर बसू देत नाहीत. त्याचं वाईट वाटतं. पण गावाने मला परकं केलं असं मी म्हणणार नाही. त्या गावानेच मला इथवर पाठवलं.

गेल्या हंगामात बा शेत पाहायला एकटाच गेला होता. आठवडाभर राहील असं आम्हाला वाटलं, तर तिसऱ्या दिवशी हजर. पुढे चुलतभाऊ भंडाऱ्याला आला तेव्हा मी विचारलं, बा इतक्या लवकर का निघाला, कुणी काही बोललं का?

"नाही गा," तो म्हणाला. "आम्ही लई धरलं, आपल्या घरी आलास, राहा म्हटलं. तर म्हणते कसा, राहिलो असतो, पण घरी बंबाची राख कोणी उपसली नसन."