अण्णाची बिनड्रायव्हरची गाडी

संध्याकाळी ऑफिस सुटलं की फाटकाशी माझ्या थोरल्या भावाची, अण्णाची स्कूटर उभी असायची. भर पावसात असायची, गणपतीच्या गर्दीत असायची, त्याच्या स्वतःच्या मुलीच्या साखरपुड्यादिवशीसुद्धा होती. एका संध्याकाळी मात्र ती नव्हती. मी कुबडी भिंतीला टेकवून उभी होते आणि आल्यावर त्याला काय काय ऐकवायचं ते मनातल्या मनात ठरवत होते. तेवढ्यात एक रिक्षा थांबली आणि तिच्यातून सलीमभाई उतरले. उद्यमनगरातल्या कारखान्यांमध्ये अण्णाच्या लाकूडकामाच्या शेडला लागूनच सलीमभाईंची लेथ आहे. दोघांची दोस्ती माझ्या शाळेच्या दिवसांपासूनची. अंगावर कामाचेच कपडे, हात तेलानं माखलेले. “ताई, बसा,” एवढंच म्हणाले. मी विचारलं, “अण्णा कुठाय?” त्यांनी कुबडी उचलून रिक्षात ठेवली... आणि मला कळलं. मला न्यायला अण्णानं आजवर दुसऱ्या कुणाला कधी पाठवलं नव्हतं.

त्याला आता दीड महिना होत आला. दुपारी कामाच्या टेबलापाशीच छातीत कळ आली आणि दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं. भेटायला येणारे बहुतेक जण त्याला ‘बिनड्रायव्हरच्या गाडीवाला’ म्हणूनच ओळखणारे. काहींनी ते बोलताना हसू दाबलं, तेही मी पाहिलं. माझा भाऊ उद्यमनगरात थट्टेचा विषय होता, हे मीच आधी सांगून टाकते, म्हणजे पुढचं लिहायला मोकळी झाले.

अण्णा माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठा. फौंड्रीत लोखंड ओतायच्या आधी त्या वस्तूचा लाकडी नमुना लागतो, त्याला पॅटर्न म्हणतात. तो अण्णा करायचा. ओतलेला धातू गार झाला की आकसतो, म्हणून पॅटर्न मूळ मापापेक्षा किंचित मोठा ठेवावा लागतो. अण्णाचं सगळंच त्या हिशोबानं असायचं. बोलणं मोठं, जेवणाचा आग्रह मोठा, राग आला तर तोही गल्लीला ऐकू जाईल इतका. मला लहानपणी पोलिओ झाला आणि डावा पाय गेला. तेव्हापासून माझं जाणं-येणं हे त्यानं स्वतःचं काम मानलं. आधी पाठीवर, मग सायकलवर, मग स्कूटरवर.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट. मैत्रिणीचं लग्न पन्हाळ्याला होतं आणि नेमका अण्णा कोडोलीला कामावर गेला होता. मी हट्टानं वडापनं निघाले. वडाप म्हणजे माणसं कोंबून भरल्याशिवाय जागची न हलणारी जीप. ड्रायव्हर मोठ्या मनाचा होता, आणि आवाजही तसाच. “ए, सरका की जरा! ताईचा पाय अधू हाय, बसू द्या की त्यास्नी!” सगळ्या स्टँडनं वळून बघितलं. चौघांनी मला उचलून आत ठेवलं, उतरवताना पुन्हा उचललं, आणि मी हसून सगळ्यांचे आभार मानले. वाईट कुणीच वागलं नव्हतं, म्हणून तर रागवायचीही सोय नव्हती. रात्री जेवताना तो सगळा राग अण्णावर निघाला. “कुणी उचलायचं न्हाय, कुणी सरकायचं न्हाय, उतरल्यावर कुणाचं उपकार न्हाईत... असं मला एकदा तरी कुठंतरी जायचंय, अण्णा. निदान रंकाळ्याच्या तळ्यावर तरी!” तो “व्हय,” म्हणाला, आणि गप्प बसला. अण्णा गप्प बसला की काहीतरी मनावर घेतलेलं असायचं.

पुढे एका कारखान्यातल्या इंजिनिअरकडे त्यानं परदेशी मासिकातलं एक चित्र पाहिलं. रस्त्याच्या वरून अरुंद रूळ गेलेला, त्यावर दोन-तीन माणसांच्या लहान लहान केबिन. ड्रायव्हर नाही. जायचं तिथलं बटण दाबायचं, मधे कुठं न थांबता गाडी थेट तिथं नेऊन सोडते. विजेवर चालणार, त्यामुळे धूर नाही, भोंगा नाही, खाली फक्त खांबापुरती जागा. त्याच संध्याकाळी स्कूटरवरून घरी येताना तो मागे वळून वळून ओरडत होता, “शाले, ही वडापागत न्हाय! एकटीसाठीबी हलती!” मी म्हटलं, “पुढं बघ आधी!” पण तो तेव्हाच स्टेशनपासून बिंदू चौकातून रंकाळ्यापर्यंत रूळ टाकून मोकळा झाला होता.

मग किती वर्षं अण्णा आणि सलीमभाई त्यात होते, कोण जाणे. रविवारी शेडच्या मागच्या आवारात लोखंडी खांब उभे राहिले. त्यावर अण्णाच्या शेडपासून पार टोकाच्या पाण्याच्या टाकीपर्यंत रूळ गेला. केबिनचा सांगाडा आणि दारं अण्णाची, चाकं सलीमभाईंची; मोटर आणि बॅटरीची जुळणी दोघांनी भांडत भांडत केली. वहिनी म्हणायची, “घरातलं कपाट दुरुस्त करा म्हटलं तर ह्यांना वेळ न्हाई, आणि सगळं गाव हवेतनं न्यायला निघालेत.” पण दुपारचा डबा ती दोघांचा पाठवायची.

एका खंडेनवमीला, म्हणजे यंत्रांच्या पूजेच्या दिवशी, केबिनला झेंडूची माळ घातली आणि अण्णानं उद्यमनगराला बोलावलं. केबिन दोघांची, पाचजण चढले. वजन जास्त झालं की दार लागू नये आणि घंटा वाजावी, अशी सोय त्यानं केलेली. घंटा वाजत राहिली. “उतर की एकजण!” “तू उतर की, मी आधी बसलोय!” उतरलं कुणीच नाही. खालून एकानं विचारलं, “ओ, ड्रायव्हरच न्हाय तर शिव्या कुणाला घालायच्या?” सगळ्यात मोठ्यानं अण्णाच हसला. संध्याकाळी मात्र रुळावरची फुलं गोळा करता करता म्हणाला, “आपल्या लोकास्नी एकटं जायला आवडतच न्हाय बघ.” आणि जरा थांबून, “तुला आवडंल न्हवं?”

नंतर महापालिकेतले एक मोठे साहेबही येऊन गेले. केबिनमध्ये बसले, कौतुक केलं, चहा घेतला. जाताना म्हणाले, “छान आहे हो, पण आपल्या गावाला कशाला?” अण्णा त्यांना गाडीपर्यंत पोचवून आला आणि त्यानंतर त्यानं स्टेशन, बिंदू चौक हे शब्द पुन्हा काढले नाहीत. मला फार वाईट वाटलं होतं, आणि ते त्याला कसं सांगावं हे कळत नव्हतं. तो मात्र पुढच्याच रविवारी माझ्यासाठी दोन्ही टोकांना केबिनपर्यंत चढायचा उतार बांधायला लागला. कठडा आणि दाराची मूठ माझ्या हाताच्या उंचीला आणली. आत ‘शेड’ आणि ‘टाकी’ अशी दोन बटणं होती, तिथं तिसरं बसवलं... ‘रंकाळा’. ते दाबलं की नुसता दिवा लागायचा.

मग मी एकटी बसले. दार आपोआप लागलं, केबिन हलली, खाली फौंड्रीच्या काळ्या वाळूचे ढीग मागे जायला लागले. भीती वाटली, आणि भीतीपेक्षा जास्त आनंद झाला. टाकीपाशी दार उघडलं तर समोर अण्णा. शर्ट घामानं भिजलेला, हात पुढं केलेला. मला बघून त्यानं तो हात पाठीमागे नेला. “तू हितं कसा?” “हितंच हुतो की,” धापा टाकत तो म्हणाला. गाडीखालून तिच्या बरोबरीनं पळत आला होता! त्यानंतर दर रविवारी हेच. विचारलं तर म्हणायचा, “चाक कसं फिरतंय ते बघतोय.” डॉक्टरांनी पळायचं नाही म्हणून बजावलं, तरी तेच. शेवटी मी चिडले. “ड्रायव्हर काढून टाकलास आणि स्वतः खालनं पळतोस, मग उपयोग काय रे ह्याचा?” तो कठड्याला टेकला आणि म्हणाला, “तुला एकटीला जाता येतंय गं. मलाच तिकडं शेडपाशी नुसतं हुबं ऱ्हायला जमत न्हाय.”

आता सलीमभाईंनी अण्णाच्या स्कूटरला बाजूची चाकं बसवून दिली आहेत, मी ती शिकते आहे. ऑफिसला रिक्षानं जाते. गेल्या रविवारी वहिनीकडून शेडची किल्ली घेतली. सलीमभाईंनी बॅटरी चार्ज करून ठेवली होती. मी उतार चढले तसे ते टाकीच्या दिशेनं निघाले. “भाई, तुम्ही इथंच थांबा,” मी म्हटलं. ते थांबले. रंकाळ्याच्या बटणाला मी हात लावला नाही, टाकीचं दाबलं. खाली बघायचं नाही असं ठरवलं होतं, तरी बघितलं... वाळूच्या ढिगांमधून कुणी पळत नव्हतं. टाकीपाशी गाडी थांबली, दार आपोआप उघडलं, मूठ बरोबर माझ्या हाताशी आली. मी उतरले. कुणी उचललं नाही, कुणी सरकलं नाही, सगळं मी मागितलं होतं तसंच झालं. कुबडीवर भार टाकून मी तिथं उभी राहिले, आणि आभार मानायला समोर कुणीतरी असावं, असं मला जन्मात पहिल्यांदा वाटलं.